चिखलाचं देणं

ओहोटी लागून तास-दीड तास झाला, की खाडीच्या काठी येऊन बसा. कुठलीही खाडी चालेल. ठाण्याची, वसईची, दाभोळची, जैतापूरची, तेरेखोलची. पुळणीवर आज नको. तिथे नजर क्षितिजाकडे पळते, आणि आपल्याला ती पायापाशी ठेवायची आहे. नागपुरात असाल किंवा न्यू जर्सीत असाल, तर बसल्या जागी डोळे मिटून या. पाणी पुरतं उतरायला सहा तास लागतात. घाई करण्याचं काहीच कारण नाही.

बसलात, की आधी वास घ्या. वाशीचा पूल ओलांडताना हाच वास आला की गाड्यांच्या काचा वर जातात. आज नाकाला रुमाल लावू नका. उग्र, खारट, कुजक्या अंड्याचा म्हणतात तो हा वास एकदा पुरता आत येऊ द्या.

हा हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू आहे, आणि चिखलातल्या जिवाणूंनी सोडलेला तो श्वास आहे. हे मी अलंकारानं म्हणत नाही. आपण ऑक्सिजन आत घेतो, त्याच्या आधारे अन्नातली शक्ती मोकळी करतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. चिखलात ऑक्सिजन नाही. पण समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, लिटरमागे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. हे जिवाणू ऑक्सिजनचं काम सल्फेटकडून करून घेतात, आणि मग जो वायू बाहेर पडतो तो तुमच्या नाकापर्यंत येतो. पृथ्वीवरच्या अगदी जुन्या जगण्याच्या रीतींपैकी ही एक आहे. हवेत ऑक्सिजन साठण्याच्या कितीतरी आधीपासून ती चालू आहे.

तुम्हीही आत्ता श्वास सोडताय. चिखलही सोडतोय. इथे थोडं थांबा. दोन-चार श्वास काहीही विचार न करता जाऊ द्या.

आता चिखलाकडे पाहा. ऊन वर आलं असेल, तर त्याचा रंग सगळीकडे सारखा दिसणार नाही. पाणी सरकून गेलेल्या जागी राखाडी चिखलावर हळूहळू एक सोनेरी-तपकिरी झाक चढत जाते. एकाच तुकड्यावर नजर ठेवून अर्धा तास बसलात तर ती गडद होताना दिसते. ते डायटम आहेत: एकपेशीय शैवाल, प्रत्येकाभोवती काचेच्या जातीच्या सिलिकाचं नक्षीदार कवच. ओहोटी झाली आणि उजेड पडला की ते चिखलाच्या कणांमधून वर येतात. त्यांना पाय नाहीत, वल्ही नाहीत. कवचाच्या फटीतून चिकट द्रव सोडत ते स्वतःला पुढे ओढत नेतात. वर येऊन ऊन घेतात, आणि भरतीचं पाणी परत येण्याआधीच पुन्हा खाली जातात. असा चिखल बशीत घालून प्रयोगशाळेत नेला, जिथे ना भरती आहे ना ओहोटी, तरी काही दिवस त्यांची ही ये-जा खाडीच्या वेळेनुसारच चालू राहते. ज्या जिवाला मेंदू नाही, मज्जातंतू नाही, त्याच्या एकुलत्या एका पेशीत भरती-ओहोटीची वेळ ठेवलेली आहे. माझ्या मते या सबंध काठावर याच्याहून मोठं आश्चर्य दुसरं नाही, आणि ते बघायला तिकीट लागत नाही.

जवळच एखादी निवटी, चिखलात वावरणारी मासळी, असेल. तिला नीट पाहा. ती तोंड चिखलाला टेकवते, डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत पुढे सरकते आणि मागे एक पुसल्यासारखा पट्टा राहतो. ती सोनेरी झाक ती खरवडून खाते आहे. कोळणीच्या पाटीतली निवटी म्हणजे मासळी होऊन आलेलं डायटमांचं ऊनच. ठाणे खाडीत दर हिवाळ्यात येणारे रोहित पक्षीही याच थरावर जगतात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंग या सूक्ष्म जिवांनी बनवलेल्या रंगद्रव्यांतून येतो. ठाण्याची खाडी २०१५ साली अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, ती या पक्ष्यांमुळे. पक्षी ज्याच्यावर जगतात त्याचं नाव कुठल्याच पाटीवर नाही.

आता एक काडी घ्या. चिखलात बोटभर खुपसा आणि अलगद बाहेर ओढा. वरचा तपकिरी थर कागदाच्या चार-सहा घड्यांएवढा, फार तर काही मिलिमीटर. त्याखाली सगळं काळं. हवेतला ऑक्सिजन त्या पातळ थरापलीकडे जात नाही, कारण तेवढ्यातच तो वापरून संपतो. काळा रंग लोहाचा: जिवाणूंनी सोडलेला सल्फाइड चिखलातल्या लोखंडाशी जोडला गेला की असा रंग येतो. तिवराची मुळं चिखलातून खुंट्यांसारखी वर आलेली दिसतात ती याचसाठी. खाली हवा नाही, म्हणून झाड मुळं वर पाठवून हवा घेतं.

या दोन थरांच्या सीमेवर काय चालतं, याची एक गोष्ट २०१२ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हस विद्यापीठाच्या संशोधकांनी उलगडून दाखवली. समुद्रतळाच्या चिखलात त्यांना एकामागे एक जोडलेल्या हजारो पेशींचे, केसाहून बारीक धागे सापडले. धाग्याचं वरचं टोक ऑक्सिजनच्या थरात, खालचं टोक काळ्या थरात. खालच्या पेशी सल्फाइडमधून इलेक्ट्रॉन काढतात, ते धाग्यातून सेंटिमीटरभर वर जातात आणि वरच्या पेशी ते ऑक्सिजनला देतात. खालचं टोक जेवतं आणि वरचं टोक श्वास घेतं. पुढे जगातल्या अनेक किनाऱ्यांच्या चिखलात असे धागे सापडले. विजेची तार माणसानं ओढली, असं आपण शाळेत शिकतो. चिखलात ती आपल्या फार आधीपासून ओढलेली आहे.

आता पाण्याकडे वळा. काठ स्वच्छ असेल तर खाली वाकून एक ओंजळ भरून घ्या. ठाण्याच्या किंवा माहीमच्या काठी बसला असाल तर ओंजळ मनातच भरा. हात बुडवू नका. का, ते पुढे येईलच.

ओंजळीत साधारण शंभर मिलिलिटर पाणी धरू. पाहा, काही दिसतं का? थोडी गढूळता, एखादा वाळूचा कण. समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्यात दर मिलिलिटरला साधारण दहा लाख जिवाणू असतात. किनाऱ्याजवळ अनेकदा त्याहून अधिक. म्हणजे तुमच्या ओंजळीत दहा कोटी तरी जीव आहेत. महाराष्ट्राची लोकसंख्या साडेबारा-तेरा कोटी. तेवढी वस्ती घेऊन तुम्ही बसला आहात.

हे आपल्याला फार उशिरा कळलं. पूर्वी समुद्राचं पाणी पोषक थर दिलेल्या बशीत टाकत आणि उगवलेले ठिपके मोजत. ठिपके मोजकेच उगवायचे, म्हणून समुद्र जवळजवळ रिकामा आहे असं समजलं गेलं. पुढे १९७०च्या दशकात अतिबारीक गाळणीवर पाणी गाळून, चमकणाऱ्या रंगानं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लागले, तेव्हा बशीत दिसले त्याच्या हजारपट जीव दिसले. बहुतेकांना बशीतलं भरपूर अन्न सोसतच नव्हतं.

त्यातला एक जीव मनात धरण्यासारखा आहे. १९९० साली अटलांटिकमधल्या सारगॅसो समुद्राच्या पाण्यात स्टीफन जिओव्हानोनी आणि सहकाऱ्यांना त्याची जनुकीय खूण सापडली, म्हणून त्याच्या घराण्याला सार-११ म्हणतात. जगभरच्या समुद्राच्या वरच्या पाण्यात दर तीन-चार पेशींमागे एक त्याच्या घराण्याची असते. २००५ साली त्याची जनुकं वाचून झाली: १,३५४. माणसाची वीस हजारांच्या आसपास आहेत. आकडा लहान आहे यापेक्षा महत्त्वाचं हे, की त्यात जवळजवळ काहीही फालतू नाही. जे लागत नाही ते त्यानं टाकून दिलं आहे. आपल्याकडे अपरिग्रह हा व्रतांमध्ये मोजतात, आणि साधकाला तो जन्मभर साधत नाही. पृथ्वीवरच्या सर्वाधिक संख्येच्या जिवांपैकी एक असलेल्या या पेशीनं तो अंगात मुरवला आहे. एक श्वास याच विचारात जाऊ द्या: इतकं थोडं बाळगून इतकं पसरता येतं.

ओंजळीत आणखी कुणी आहे. जिवाणूंच्या साधारण दहापट विषाणू. १९८९ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले तेव्हा शास्त्रज्ञांनाही आकड्यावर विश्वास ठेवणं जड गेलं. घाबरू नका. यातले बहुसंख्य जिवाणूंना आणि शैवालांनाच धरतात. माणसाकडे त्यांचं काही काम नाही. पण पाण्यात ते रोज मोठी उलथापालथ करतात. समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या एकूण वस्तुमानाचा साधारण पाचवा हिस्सा दर दिवशी विषाणूंमुळे फुटतो, असा अंदाज आहे. फुटलेल्या पेशीतलं सगळं पाण्यात विरघळतं, आणि उरलेले जिवाणू ते पितात. समुद्राचं पाणी हे त्या अर्थानं अतिशय पातळ सार आहे, कुणाच्या तरी मरणातून रोज नव्यानं होणारं. जिवाणू ते सार पितात, जिवाणूंना सूक्ष्म प्राणी खातात, त्यांना कोलंबीची पिल्लं आणि माशांची पिल्लं. फारूक आझम आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली हे चक्र मांडून दाखवलं. वाया गेलं असं वाटणारं अन्न या वाटेनं पुन्हा ताटात येतं.

पाणी हळूच परत सोडा.

आणि आता एक दीर्घ श्वास घ्या. घेतलेला श्वास थोडा वेळ आतच ठेवा.

दर दुसरा श्वास समुद्र देतो, असं वाक्य हल्ली भिंतींवर आणि भाषणांत असतं. ते सांगणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण वाक्य अर्धवट आहे, आणि पूर्ण गोष्ट त्याहून खोल आहे. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ अर्धा वाटा समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म शैवालांचा आहे, हे खरं. जमिनीवरच्या वनस्पतींच्या वजनापुढे त्यांचं वजन शंभरात एकही भरत नाही, आयुष्य काही दिवसांचं, तरी काम अर्धं. पण त्यांनी सोडलेला जवळजवळ सगळा ऑक्सिजन समुद्रातच खर्च होतो. ते शैवाल कुणीतरी खातं, किंवा ते मरतं आणि जिवाणू ते कुजवतात, आणि त्यात तेवढाच ऑक्सिजन परत लागतो. हिशेब बहुतेक शून्यावर येतो.

बहुतेक, पुरता नाही. दरवर्षी त्यातला अगदी लहानसा भाग, शंभरातला एक भागही नाही, कुणी खाण्याआधी, कुजण्याआधी तळाच्या चिखलात गाडला जातो. त्याच्यासाठी लागला असता तो ऑक्सिजन हवेत शिल्लक राहतो. काळ्या थरात लोखंडाशी बांधला गेलेला गंधक पुरला गेला, तरीही थोडा ऑक्सिजन उरतो. नीलहरित जिवाणूंनी सोडलेला ऑक्सिजन सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत टिकू लागला. तेव्हापासून ही बारीक शिल्लक साठत, घटत, पुन्हा साठत आजच्या एकवीस टक्क्यांवर आली आहे.

आता श्वास सोडा. तुमच्या छातीतून आत्ता जे गेलं, ते फार जुन्या काळी कुठल्या तरी किनाऱ्याच्या चिखलानं गिळून ठेवलेल्याच्या बदल्यात उरलेलं आहे. ज्या वासानं आपण काचा वर करतो, त्या वासाच्या घरातून हा श्वास आला आहे. आपण चिखलाचे देणेकरी आहोत.

या विचारापाशी हवा तेवढा वेळ बसा. मी इथे नेहमी अडकतो, आणि अडकणं मला बरं वाटतं.

मग मन खाडीच्या मुखातून बाहेर न्या, पश्चिमेला, भर समुद्रात, आणि तिथून खाली. पन्नास मीटर, शंभर मीटर. उजेड निळा होतो, मग संपत जातो. दीडशे मीटरच्या खाली आपल्या अरबी समुद्रात एक विस्तीर्ण थर सुरू होतो, हजार मीटरपर्यंत पोचणारा, ज्यात ऑक्सिजन अत्यल्प आहे आणि काही भागांत जवळजवळ नाहीच. भर समुद्रात असे मोठे पट्टे जगात तीन: दोन पूर्व पॅसिफिकमध्ये, एक आपल्या दारात. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. खाडीच्या चिखलात बोटभर खोलीवर जे चालतं, त्याच जातीचं काम तिथे मैलोन्‌मैल चालतं. तो थर निसर्गाचाच आहे, फार जुना आहे.

गोव्याच्या दोना पावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं या पाण्याचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास केला आहे. पावसाळ्यात वाऱ्यांमुळे हे खालचं गुदमरलेलं पाणी आपल्या किनाऱ्याकडे वर चढतं. वर नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याचं हलकं झाकण असतं, त्यामुळे हवा खाली मिसळत नाही. तळाशी जिवाणू खातच राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत गोव्यातल्याच कांदोळीच्या समोर, किनाऱ्यावरून दिसेल इतक्या जवळ, तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन पार संपतो आणि तिथेही सल्फाइड दिसू लागतं. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं, की हा प्रकार तीव्र होतो आहे, त्यामागे जमिनीवरून वाहून येणाऱ्या नायट्रोजनचा हात असावा, आणि या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात हवेत जातो. तापवण्याच्या बाबतीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट आहे.

हा नायट्रोजन येतो शेतातल्या खतातून आणि आपल्या मोऱ्यांतून.

या पाण्याची गोष्ट इथेच संपत नाही. २०२०च्या नोव्हेंबरात जुहूपासून कोकणातल्या किनाऱ्यांपर्यंत रात्री निळ्या उजेडानं लाटा फुटल्या, आणि लोक मोबाइल घेऊन धावले. असा उजेड बहुधा नॉक्टिल्युका नावाच्या जिवाचा असतो: एकच पेशी, पण मिलिमीटरभर वाढणारी, नुसत्या डोळ्यांना टिपक्याएवढी दिसणारी, आणि पाणी हललं की आतून निळी उजळणारी. हात पाण्यात फिरवला तर बोटांमागे ती ओळीनं पेटत जाते. मोह पडावा असंच ते दृश्य आहे. तिचीच एक हिरवी जात, पोटात हिरवं शैवाल जिवंत सांभाळणारी, या शतकाच्या सुरुवातीपासून उत्तर अरबी समुद्रात दर हिवाळ्यात अफाट पसरते. जिथे आधी डायटम फुलायचे तिथे आता ती असते. गोव्यातूनच अमेरिकेत गेलेल्या हेल्गा गोम्स आणि जोकिम गोस यांनी २०१४ साली मांडलं, की कमी ऑक्सिजनचं पाणी वर येण्याशी याचा संबंध आहे. माशांना पोसणारे सूक्ष्म प्राणी तिला फारसे खात नाहीत; जेलीफिशसारखे मऊ जीव खातात. डायटमांच्या वाटेनं अन्न मासळीकडे जात होतं. या वाटेनं ते जेलीफिशकडे जातं. सुंदर दिसणाऱ्या लाटेचा अर्थ दर वेळी शुभ असेलच असं नाही, एवढं मनात असू द्यावं. पाहायला मात्र जरूर जावं.

आता परत खाडीच्या काठी या. भरती लागली असेल. सोनेरी झाक विरळ होत चालली असेल. डायटम खाली निघाले आहेत.

ओंजळ भरू नका, असं ठाण्या-माहीमच्या वाचकांना मी वर म्हटलं, त्याचं कारण पाण्यात येणारं मैलापाणी. चिखलातले जीव ते पचवतात. खरं तर आजवर आपली शहरं त्यांच्याच जिवावर निभावली. तिवरांचं कांदळवन आणि त्याखालचा चिखल नायट्रोजन रिचवतो, कार्बन गाडून ठेवतो, आणि त्यासाठी कुणाकडे बिल पाठवत नाही. पण त्याच्या पचनाला हद्द आहे. हद्दीबाहेर घातलं, की आधी शैवाल माजतं, मग ते कुजतं, मग पाण्यातला ऑक्सिजन जातो आणि खेकडे, तिसऱ्या, कालवं, निवटी एकेक करत नाहीशा होतात. आणि तो चिखलच भराव टाकून बुजवला, तर पचवणारंही कुणी उरत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून कांदळवन कक्ष आहे, २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनं तोडायला मनाई करणारा सविस्तर निकाल दिला आहे. म्हणजे झाडांच्या बाजूनं कायदा थोडाफार उभा आहे. पाण्यात काय सोडलं जातं, याकडे आपलं लक्ष कमी आहे.

म्हणून उठण्याआधी एक काम ठरवून घ्या. तुमच्या गावाचं किंवा शहराचं सांडपाणी कुठल्या खाडीत, कुठल्या ठिकाणी सोडलं जातं, त्यातलं किती प्रक्रिया करून आणि किती तसंच, हे नगरपालिकेला माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. घाटावर राहत असाल तरी विचारा. तुमची नदीही शेवटी कुठल्या तरी समुद्रालाच मिळते. अर्जाला दहा रुपये लागतात, आणि उत्तर तीस दिवसांत देणं त्यांना बंधनकारक आहे.